कड्यातली वगळलेली वाट

होळीनंतरचा पहिला सोमवार: कपारीतल्या झऱ्याची वाट बंद. जबाबदार, वनरक्षक. रामनवमीनंतरचा मंगळवार: माझ्या अर्जाला उत्तर, "नकाशात वाट दिसत नाही." जबाबदार, सही करणारे अधिकारी. अक्षय्य तृतीयेनंतर: दुसऱ्या अर्जाला तेच उत्तर. जबाबदार, पुन्हा तेच.

सावेडीतल्या घरी बसून अर्ज लिहिता लिहिता बोटे आखडली, तेव्हा मी स्वतःच अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील, त्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या वाडीवर गेलो. लाव्हाच्या थरांवर थर साचून उभा राहिलेला हा डोंगर. दोन थरांच्या सांध्यातून भर उन्हाळ्यातही पाणी पाझरते. तिथवर कड्याच्या पोटातून हातभर रुंद वाट जाते. वर दगडाचे छत. नवा नकाशा ड्रोनच्या मोजणीवरून झाला; त्याला वरून ती दिसणार कशी?

वाटेच्या तोंडाशी वनरक्षक बसला होता. समोर रिकामा हंडा घेऊन एक वृद्ध बाई उभी होती.

"मावशी, नकाशात वाट न्हाई. मला वर जाब द्यावा लागतो."

"आमची वाडी तरी हाय का त्यात?"

"वाडी हाय."

"म्हंजी आमी हाय, आन् आमचं पानी न्हाई. बरं झालं, सांगितलंस!" मग ती माझ्याकडे वळली. "तुमी कोन, सायेब?"

तरुणपणी मी नकाशे रेखाटण्याच्या नोकरीत होतो. ह्याच कड्याचा कागद माझ्या टेबलावर आला होता. पायी फिरलेल्या मोजणीदाराने ही वाट ठिपक्यांनी दाखवली होती. पण उभ्या कड्यावर उंचीच्या रेषा एकमेकींना इतक्या चिकटतात की मध्ये लेखणीच्या निबालाही जागा उरत नाही. कागद स्वच्छ दिसावा म्हणून मी ते ठिपके गाळले. कोणी विचारले नाही. नवा नकाशा त्याच कागदाशी ताडून पाहिला गेला.

"जुना नकाशा मीच काढलाय, बाई. वाट माझ्याकडूनच राहिली."

तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "मंग काढा की आता. पेन्शील आनू का?"

वनरक्षकही हसला. मी हसू शकलो नाही.

ही कबुली मी प्रतिज्ञापत्रावर लिहून तिसऱ्या अर्जासोबत दिली. नकाशातून वगळल्याने वहिवाट संपत नाही, हेही लिहिले. पोच मिळाली, उत्तर नाही. बायका अजून पाण्यासाठी दरीतल्या ओढ्यावर उतरतात.

म्हणून माझी जाहीर मागणी आहे: सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी वाडीच्या ग्रामसभेत उभे राहून सांगावे, चूक करणाऱ्याने चूक कबूल केल्यानंतरही ही वाट कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली बंद आहे?