‘तिचं’ की ‘तुमचं’

श्रीपाद मास्तरांनी बत्तीस वर्षं इंदूरच्या मुलांना मराठी शिकवलं. हिंदीच्या वळणावर जाऊन कुणी ‘माझी पुस्तक’ म्हणालं, की त्याच्याकडून ‘माझं’ म्हणवून घेतल्याशिवाय ते पुढं सरकत नसत. घरातही त्यांचाच शब्द चाले. एकुलती उषा नर्सिंग शिकायला विलायतेला गेली आणि तिथं मेक्सिकोच्या एका इंजिनियरशी लग्न करून बसली, तेव्हापासून चार वर्षं तिची पत्रं त्यांनी न फोडता परत पाठवली.

चौसष्टच्या उन्हाळ्यात तार आली. उषा बाळंतपणात गेली होती, मूलही वाचलं नव्हतं.

महिन्याभरानं तिच्या सासूचं पत्र आलं. म्हातारीला स्पॅनिशखेरीज भाषा येत नव्हती. इंदुरात बडा गणपतीपासून पलासियापर्यंत ते वाचणारं कुणी भेटेना. शेवटी मास्तरांनी मुंबईहून व्याकरण आणि शब्दकोश मागवला. दिवाळीपर्यंत ते एकेक ओळ लावत राहिले.

शेवटच्या ओळीशी गाडं अडलं.

“अगं, ‘लो सुयो’ जपून ठेवलंय म्हणते ती,” ते बायकोला, रमाबाईंना म्हणाले. “वस्तूचं नावच नाही. आपण ‘माझं’, ‘तुझं’ एवढंच म्हणतो ना, तसं. जे काही असेल ते सगळं. पण ‘सुयो’ म्हणजे ‘तुमचं’ही होतं आणि ‘तिचं’ही. कोणतं घ्यायचं?”

रमाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आपलं तिथं काय असणार हो? आपण तिला दिलं काय? तिचंच असेल.”

मास्तर उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये लिहिलं, ‘तिचं पाठवाल का?’

होळीच्या सुमारास पार्सल आलं. दोन सुती साड्या, मनगटी घड्याळ आणि परत गेलेली सगळी पत्रं. रमाबाईंनी साड्या छातीशी धरल्या. मास्तरांनी पहिलं पाकीट फोडलं आणि “ती. बाबांस” एवढं वाचून चष्मा काढून ठेवला.

बाकीची पत्रं रमाबाईंनीच त्यांना वाचून दाखवली, रोज एक. सतरा दिवस पुरली.