फुकटची रात्र आणि आमची म्हस

हॉटेलातली फुकटची रात्र म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं असंल, मला ठाऊक हाय. तसलं काय न्हाय ह्यात. साडी हाय, पण ती मी नेसलोय. आता वाचायचं तर वाचा.

थोरला भाऊ पुण्याला कंपनीत हुता. त्यानं क्रेडिट कार्ड घेतलंतं. वरसाला कार्डाची फी भरायची आणि त्याबदल्यात एका हॉटेलवाल्यांकडं दोघांना एक रात्र फुकट. पहिल्या वरसाची रात्र तो विसरूनच गेला. दुसऱ्या वरसाला त्याचा फोन आला, "आईबाबांना पन्हाळ्याला पाठव. कार्डावर फुकट मिळतंय ते हॉटेल हाय तिथं. सकाळचा नाष्टाबी फुकट."

पन्हाळा आमच्या घरामागच्या परड्यातनं दिसतो. बाबा म्हणालं, "समोर दिसतंय तिथं झोपायला कशाला जायाचं? संध्याकाळी घरला येता येतंय की."

मी म्हटलं, आधी ह्या फुकटची खरी किंमत काढूया. नकला हाच माझा धंदा तेव्हा. गॅदरिंगला मास्तरापास्नं शिपायापर्यंत सगळे काढायचो. पुण्याच्या साहेबाचा आवाज लावून हॉटेलला फोन केला. "नमस्कार, मधल्या वारी एका रात्रीचं भाडं काय हो आपलं?" पलीकडच्या बाईनं अदबीनं सांगितलं. ते कार्डाच्या फीपेक्षा थोडं कमीच निघालं! शनिवार-रविवारी भाडं दुप्पट, पण त्या दोन दिवशी फुकटची रात्र चालत न्हाय म्हणं. म्हंजे आमचा शहाणा वरसभर आधी पैसे भरून स्वस्तातली रात्र महाग घेत हुता.

हे सांगायला घरात गेलो, तर आईनं ठेवणीतली साडी काढून खाटेवर पसरलीती.

"तिथं सकाळी च्या खोलीत आणून देत्यात म्हणं," ती म्हणाली. "आपण उठायच्या आधी. व्हय रं?"

मी म्हटलं, "व्हय." दुसरं काय म्हणणार?

आईचा बाहेर मुक्काम म्हंजे म्हस आटल्यावर माहेरी, आणि तिथंबी भाकऱ्या हिनंच थापायच्या. म्हस आईशिवाय कुणाला धार काढू द्यायची न्हाय. बाबा जवळ गेलं की लाथ. ती आटायला अजून दोन महिने हुते, आणि फुकटची रात्र संपायला आठ दिवस. त्यानंतर ती वाया.

"मी काढतो की धार," मी म्हटलं. "तुझा आवाज काढतो."

"आवाजानं काय हुतंय?"

मी गोठ्याच्या दाराआड गेलो आणि आईच्या आवाजात म्हटलं, "सरक गं माझी बाय, सरक." म्हस सरकली! आई तोंडाला पदर लावून हसली, आणि शेवटच्या दिवसाचं, मंगळवारचं बुकिंग झालं.

मंगळवारी सकाळची धार काढून दोघं वडापच्या, म्हंजे शिटा भरून न्हेणाऱ्या जीपमध्ये चेपून बसली आणि गेली.

संध्याकाळी मी आईची रोजची साडी नेसलो, डोक्यावरनं पदर घेतला, धारेची चरवी घेतली. आवाज आईचा, वास आईचा. रेडकू सोडलं, म्हशीनं पान्हा सोडला. जमलं म्हटलं. रेडकू बाजूला बांधून खाली बसलो आणि सडाला हात लावला. हात कुठं आईचा हुता? म्हशीनं मान वळवून मला नीट बघितलं. मग एकच लाथ. चरवी भिंतीला, मी शेणात.

परत बसलो. परत लाथ. पेंड ठेवली, ती खाल्ली आणि मग लाथ मारली. रेडकू सोडलं तर आता त्यालाबी जवळ घेईना. कास तटतटली आणि ती ओरडायला लागली. शेजारची काकी कुंपणावरनं आधी पोट धरून हसली, मग तिची नजर कासेवर गेली. "रातभर अशीच ऱ्हायली तर कास सुजंल बग तिची. आईला बोलीव."

हॉटेलला फोन लावला. बाईनं खोलीत जोडून दिला. बाबांनी उचलला.

"बाबा, म्हस धार देईना."

"आता कुणाचा आवाज काढलास?"

"माझाच हाय वो!"

"रडका आवाज झ्याक जमलाय. ठेव आता. तुझी आई नुकती आडवी झालीया."

मी मोबाईल म्हशीच्या तोंडापुढं धरला. ती जीव तोडून ओरडली.

"ऐकलंस का गं?" बाबा पलीकडं आईला हसत सांगत हुतं. "म्हशीचाबी काढतंय बेणं!"

मी साडीत, शेणात, मोबाईल हातात घेऊन उभा. खरं सांगायचं तर कुठल्या आवाजात सांगू, कळंना.

मग आईनं फोन घेतला. "परत धर तिच्यापुढं." मी धरला. म्हस परत ओरडली.

"तीच हाय ही," आई म्हणाली. "आलो."

शेवटचं वडाप धरून जेवणवेळेला दोघं घरात. आईनं ठेवणीतली साडी तशीच खोचली आणि खाली बसली. म्हस गप. चरवीत धारा वाजायला लागल्या. बाबांनी खिशातनं दोन बारकं साबण, एक फणी आणि च्याच्या चार पुड्या काढून कट्ट्यावर मांडल्या. वरसाच्या फीत पदरात पडलं ते एवढं.

"नाष्टा तेवढा गेला," बाबा म्हणालं.

आईनं मान न वळवताच सुरू केलं. "आधी माझी साडी सोड. उद्या तूच धुवायची ती. छाती ठोकून सांगत हुतास ना, मी काढतो, मी काढतो? आठ दिस हुते तुझ्याकडं. दाराआडनं नकला करण्यापरीस आठ दिस माझ्याशेजारी बसला असतास तर सरावली असती ती तुझ्या हाताला. पाठ टेकली न्हवती रं मी अजून नीट, तवर तुझा फोन. दात काय काढतोस? उद्या पहाटं चारला उठायचं आणि हितं बसायचं, माझ्या बाजूला. आणि तोंडातनं माझा आवाज काढलास, तर ही चरवी डोक्यात घालीन."