दहा दिवसांच्या गोळीची सात वर्षं

आमच्या ह्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. कुठलीही वस्तू प्लास्टिकमध्ये घातली की अमर होते, असा त्यांचा पक्का समज. आमचा पहिला फ्रिज भंगारात जाऊन जमाना झाला, पण त्याचं वॉरंटी कार्ड अजून चकचकतंय.

सात वर्षांपूर्वी समोरच दुसरं झेरॉक्सचं दुकान उघडलं आणि ह्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, दहा दिवस, मग येऊन दाखवा. ह्यांनी काय करावं? चिठ्ठी लॅमिनेट केली! तेव्हापासून दर महिन्याला ती मेडिकलवाल्यापुढे धरायची आणि त्याने हसत गोळ्या काढून द्यायच्या. हसेल नाहीतर काय, त्याचे झेरॉक्स आमच्याकडे फुकट होतात ना!

मी म्हणायचे, "अहो, दहा दिवस लिहिलंय त्यावर."

"डॉक्टरांचं अक्षर तुला कधीपासून वाचता यायला लागलं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. समोरचं दुकान कधीच बंद पडलं, तिथे आता चपला मिळतात. गोळी मात्र चालूच.

रात्री ढाराढूर झोपायचे आणि सकाळी अर्धेच जागे व्हायचे. चहात साखर घातली की नाही ते आठवायचं नाही, म्हणून दोनदा घालायचे. गोळी घेतल्यावर एकदा धाकट्या भावाशी फोनवर कडाकडा भांडले, आणि सकाळी त्यालाच विचारतात, "काय रे, बऱ्याच दिवसांत फोन नाही?" एका मुलीचा नोकरीचा अर्ज सही व्हायच्या आधीच लॅमिनेट करून टाकला. ती रडकुंडीला आली, तर हे म्हणतात, "वरून मार्करने कर की!"

मी फार शहाणी आहे असं समजू नका. एकदा मी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. तीन दिवस ह्यांच्या डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतायत, घामाने उशी ओली. घाबरून डॉक्टरांना फोन केला, तर ते माझ्यावरच खेकसले. "इतक्या वर्षांची गोळी अशी एकदम तोडतात का, बाई? झटके येतील त्यांना. आत्ता गोळी द्या आणि त्यांना इकडे घेऊन या. हळूहळू कमी करू." मी गुपचूप गोळ्या परत दिल्या. डॉक्टरांकडे जायला हे काही तयार झाले नाहीत. म्हणे, सगळं व्यवस्थित चाललंय.

आणि ह्याच माणसाने सहा वर्षांच्या नातीला रोज सकाळी स्कूटरवरून शाळेत सोडायचं काम अंगावर घेतलेलं! जावई परगावी, लेक लॅबमध्ये कामाला, तिची पाळी पहाटेची. तिने शाळेच्या व्हॅनचा विषय काढला, तर हे दोन दिवस जेवले नाहीत. "वीस वर्षांत माझ्या स्कूटरला ओरखडा नाही!" ते परत येईपर्यंत माझा जीव काही थाऱ्यावर नसायचा.

गेल्या सोमवारी ओरखडा आला. मोठ्या चौकातल्या सिग्नलला थांबले होते, ते स्कूटरसकट आडवे झाले. मागच्या टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून बरं. त्यानेच दोघांना घरी आणलं. नातीचं कोपर सोललेलं, हनुवटीला खोक. आणि हे? पडलो तरी नाक वर.

"रस्त्यावर तेल सांडलं होतं."

"काका, तेल कुठलं?" टेम्पोवाला म्हणाला. "सिग्नल हिरवा झाला, मी हॉर्न देतोय, आणि तुमची मान खाली."

"घड्याळ बघत होतो मी."

"मनगटावर घड्याळ कुठाय?" मी विचारलं.

तेवढ्यात लेक लॅबमधून धावत आली. बापाकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीला मांडीवर घेतलं, हनुवटी पुसली, मग म्हणाली, "बाबा, उद्यापासून तुम्ही..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत नात हमसून हमसून रडायला लागली. "आई, आजोबांना ओरडू नको ना. माझंच चुकलं."

"तुझं काय चुकलं, बाळा?"

"त्या सिग्नलला आजोबांना झोप येते. मी चिमटा काढते, मग ते उठतात. आज माझ्या हातात चित्राचा कागद होता, तो चुरगळला असता, म्हणून नाही काढला."

"रोज झोप येते त्यांना?"

"रोज. आजोबाच म्हणाले, चिमटा काढ, पण आजीला सांगू नकोस."

इतकी वर्षं मी ह्यांच्यावर नुसती हसत आले. त्या क्षणी मात्र माझा संताप झाला. ह्यांच्यावर चिडले होते, आणि स्वतःवरही. ह्यांनी वर पाहिलंच नाही. खिशातून स्कूटरची किल्ली काढून लेकीपुढे ठेवली आणि हळूच मला विचारलं, "डॉक्टर किती वाजता येतात गं?"

"दवाखान्यात आलेत," मी म्हटलं. "उठा. हे टेम्पोवाले दादा सोडतील आपल्याला."