आठ मिनिटं आधी

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. माझं काम वायरलेसचं. ऐकू आलं ते लिहायचं, नाही आलं तर ‘नाही’ लिहायचं. म्हणूनच हे सांगायला इतकी वर्षं कचरत होतो.

साल एकोणनव्वद. मी धुळ्यात एका सरकारी वायरलेस केंद्रात ऑपरेटर होतो, राहायला नदीपलीकडे देवपुरात. माझे वडील, म्हणजे नाना, नरडाण्याजवळच्या आमच्या गावाहून उपचारासाठी आले होते. त्यांच्या हृदयाचे ठोके मधेच चुकायचे.

मार्चमधली एक दुपार. मी मुंबईचा संदेश उतरवून घेत होतो आणि सेट एकदम गप्प झाला. बिघाड असला तर निदान खरखर तरी येते — इथे तीही नाही. तेवढ्यात शेजाऱ्यांचा फोन : नाना ओट्यावर चक्कर येऊन पडले! पाऊण तासात ते सावरले, सेटही सुरू झाला. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध काही डोक्यात आला नाही.

पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. आधी सेट गप्प, मग शेजाऱ्यांचा फोन. या वेळी मात्र मी लॉगबुकाची मागची पानं उलटून मार्चमधली नोंद काढली.

तिसरी वेळ संक्रांतीनंतरची. सकाळी अकरा बावीसला सेट गप्प झाला. मी लॉगबुकात वेळ टाकली, पण फोनची वाट पाहिली नाही. ड्यूटीवरच्या जोडीदाराला म्हटलं, “सांभाळ जरा, मी घरी जाऊन येतो,” आणि सायकल काढली. पांझरा नदीचा पूल ओलांडून देवपुरात शिरलो.

घराला कुलूप. मग आठवलं... आज नानांच्या तपासणीचा दिवस!

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. नाना टेबलावर, छातीला वायरी लावलेल्या. कार्डिओग्रामच्या मशीनमधून कागदाची पट्टी सरकत होती. दोन ठोके... मग सरळ रेघ. एक ठोका... पुन्हा रेघ. डॉक्टर आणखी एक इंजेक्शन भरत होते. माझी बायको सुमन भिंतीला टेकून उभी, तोंडावर पदर. ती रेघ एवढी लांबली की मला वाटलं, संपलं.

“नाना!” मी ओरडलो.

रेघ उसळली. एक, दोन, तीन... ठोके सलग पडू लागले. डॉक्टरांनी भरलेली सुई तशीच ट्रेमध्ये ठेवली.

नानांनी डोळे उघडले. “कसाले पळत उना रे? तुले कोनी सांगं?”

पळत का आलो, कुणी सांगितलं, हे सांगण्याऐवजी मी मशीनमधली कागदाची पट्टी हातात घेतली.

सुरुवातीचे ठोके नीट होते. ते जिथे बिघडले, तिथे डॉक्टरांनी पट्टीवर पेनानं वेळ लिहिली होती — अकरा वाजून बारा मिनिटं. डॉक्टरांनी वेळ ज्यात पाहिली, ते भिंतीवरचं घड्याळ मी माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं. ते दोन मिनिटं मागे होतं. माझं घड्याळ मी रोज केंद्रातल्या घड्याळाशी जुळवायचो. म्हणजे खरी वेळ अकरा चौदा. सेट गप्प होण्याच्या आठ मिनिटं आधी!

पुढे माझी जळगावला बदली झाली; उपचारासाठी नाना आणि सुमन धुळ्यातच राहिले. तिथे कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एका सरांना मी हे सगळं सांगितलं.

“सूर्यावर मोठा भडका उडाला की दिवसा तुमच्या सेटची शॉर्टवेव्ह अशीच बंद पडते,” ते म्हणाले. “हृदयावरही परिणाम होतो का, याचा अभ्यास चालू आहे. खात्रीनं कोणी सांगत नाही.”

“पण सर, नानांचे ठोके आधी चुकले. आठ मिनिटं.”

त्यांनी मला दोन्ही वेळा पुन्हा सांगायला लावल्या. मग म्हणाले, “त्या भडक्याचा उजेड सूर्यावरून इथे पोहोचायलाच आठ मिनिटं लागतात; तो पोहोचतो तेव्हाच सेट गप्प होतो. त्याआधी इथे कुणाला काही कळणं शक्यच नाही.”

योगायोग असेल. वेळ लिहिताना डॉक्टरांची चूक झाली असेल... स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. नाना त्यानंतर सहा वर्षं जगले, शेवटी साध्या तापानं गेले. पण तोपर्यंत जळगावचा सेट कधीही गप्प झाला की मी आधी धुळ्याला शेजाऱ्यांकडे फोन लावायचो. पलीकडून नानांचा आवाज आला, की मगच लॉगबुकात वेळ लिहायचो. सगळ्या नोकरीत तेवढ्याच नोंदी मी मुद्दाम उशिरा केल्या.