दारामागची जागा

आमच्याकडं फेब्रुवारी लागला की घरातली एकेक वस्तू पिवळी व्हायला लागते. दोरीवरचे कपडे, शेगडीमागची भिंत, मी तपासायला आणलेल्या वह्या. हळद शिजते, वाळते आणि मग पॉलिशच्या ड्रममध्ये गरागरा फिरते. ड्रम म्हणजे जाळीचं भलंमोठं पिंप, ट्रॅक्टरच्या जोरावर चालणारं. त्यात हळकुंडं एकमेकांवर घासतात, त्यांची साल निघते आणि धूळ होऊन गावभर हिंडते. आमच्या कुरुंदा गावाच्या आसपास असे ड्रम गल्लोगल्ली आहेत. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा. लोकांची हळद चकचकीत करून देणं हा त्याचा हंगामी धंदा, आणि त्याच्या आईला दमा. आता बोला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा दमा आधी थंडीपुरता होता, मग हळूहळू हळदीवर येऊन बसला. आडवं झालं की छाती भरायची, म्हणून त्या पाठीला उशा लावून बसल्या बसल्याच झोपायच्या. त्यांच्या खोलीत मीही झोपायचे, कारण रात्री तोंडात मारायचा पंप हातात द्यायला कुणीतरी हवं आणि नवरा ड्रमवरून आला की ओंडक्यासारखा पडायचा. सकाळी भाकरी, भाजी, मग स्कुटी, मग शाळेत सातवी-आठवीला विज्ञान. फळ्यावर श्वसनसंस्थेची आकृती काढताना मला जांभया यायच्या. पोरं समजूतदार, हसायची नाहीत. तेच जास्त लागायचं.

नवऱ्याला मी म्हटलं होतं, ड्रम लांब ने. त्यानं नेला, थेट गावाच्या कडेला. फरक काही पडला नाही, कारण शेजारच्याचा होता, पलीकडच्याचा होता, आणि वारा काही सातबारा बघून वाहत नाही. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, हळदीचे महिने यांना इथून हलवा. हलवायचं म्हणजे नांदेडला, थोरल्या दिरांच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर. आत्याबाई तिथं एकदा जाऊन आठवड्यातच परत आल्या होत्या.

"मला तिकडं नको धाडू बाई," त्या म्हणायच्या. बोलता बोलता मध्येच थांबून श्वास घ्यायच्या. "खिडकीतून खाली पाह्यलं की... मानसाचं डोस्कंच दिसते. तोंड दिसत न्हाई."

नवरा म्हणाला, "होळीपर्यंत पाहू. न्हाई जमलं तर नेऊन सोडू." त्याला आईला पाठवायचं नव्हतं आणि तिचा त्रास बघवतही नव्हता. माझं म्हणाल तर, अर्ध्या मनानं मलाही वाटायचं की जावं त्यांनी, मला एक सलग झोप मिळावी. अर्धं मन मात्र त्यांच्याशिवाय घर कसं लागेल या विचारानंच घाबरायचं. एवढ्या थकव्यात माणसाला दोन्ही वाटतं, आणि दोन्ही खरं असतं. म्हणून मी ठरवलं, खोलीतली हवा साफ करायचं यंत्र करायचं. आत्याबाई इथंच राहतील आणि आम्ही दोघीही झोपू.

विकतची यंत्रं मी मोबाईलवर पाहिली होती. सगळी जमिनीवर उभी राहणारी. आमच्या खोलीत जमीन होती कुठं? एका भिंतीला त्यांची बाज, दुसरीला माझा दिवाण, मध्ये पाय टाकायला जागा. उरलेल्या भिंतींना कपाट, ज्वारीची कोठी, शिलाई मशीन आणि कोपऱ्यात बेण्याच्या हळदीची पोती. ती पोती मी आधी बाहेर काढायला लावली, तर त्या जागी नवऱ्यानं खताची आणून ठेवली. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय!

पहिला प्रयोग जुन्या कूलरचा. त्याचं गवत काढून तिथं जाड कापड ताणलं. हवा चांगली ओढायचा, पण आवाज पिठाच्या गिरणीचा, आणि मोरीकडं जाताना आत्याबाईंना त्याची ठेच ठरलेली. असून अडचण, नसून खोळंबा. दुसरं यंत्र मी चपटं करून छताला टांगलं. ते मात्र रोज थरथरायचं आणि कापड बदलताना साठलेली सगळी हळद माझ्या डोक्यावर यायची. "पोरगी पुन्हा लग्नाला उभी हाय वाटतं," आत्याबाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. त्या खोकल्यानंतर माझं हसू तिथंच राहिलं.

मार्ग काढला तो नवऱ्याच्या ट्रॅक्टरनं. ट्रॅक्टरला हवा गाळायला कागदाच्या घड्यांची गाळणी असते. ती तो रोज काढून, झटकून, फुंकर मारून परत बसवायचा. मी पाहत उभी होते. म्हटलं, "इंजिनाची एवढी काळजी, आईची काहून न्हाई?" त्यानं गाळणी परत बसवली. संध्याकाळी वारंगा फाट्यावरच्या गॅरेजातून मोटारीच्या एसीच्या चपट्या गाळण्या घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवल्या. आमच्याकडं माफी मागायची हीच रीत आहे.

त्या गाळण्या मी एकीखाली एक लावल्या. एका मोठ्या पंख्याऐवजी कॉम्प्युटरच्या पोटात असतात तसले छोटे पंखे ओळीनं बसवले. ते चपटे, जागा खात नाहीत आणि आवाजही कमी. हळदीची धूळ जड, खाली खाली बसणारी, म्हणून तोंड जमिनीलगत ठेवलं आणि साफ हवा वरून सोडली. तोंडावर आत्याबाईंच्या विरलेल्या लुगड्याची घडी, म्हणजे भरड धूळ तिथंच अडावी आणि रोज धुता यावी. सगळं मिळून प्लायवूडची एक पेटी, वीतभर जाड, पुरुषभर उंच. लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर चालायची.

सुरुवातीला गाळण्या दिवसचे दिवस स्वच्छ दिसायच्या आणि मी खुशीत होते. मग एके दिवशी पांढरं ताट खोलीत ठेवून पाहिलं, तर सकाळी त्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी पिवळी साय. हवा गाळणीतून जातच नव्हती, कडेच्या फटीतून पळत होती. शाळेत इतकी वर्षं शिकवतेय की हवा सोपी वाट धरते, आणि घरी विसरले. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सगळ्या फटी बुजवल्या. त्यानंतर लुगड्याची घडी एका दिवसात पिवळीजर्द झाली आणि ताट पांढरं राहिलं.

राहता राहिला प्रश्न पेटी कायमची ठेवायची कुठं; इतके दिवस ती वाटेतच उभी होती. खोलीत उभी राहून मी भिंत न् भिंत मोजली. एकच जागा रिकामी होती, उघड्या दारामागची. खोलीचं ते दार थेट गल्लीत उघडतं. दार उघडलं की फळी ज्या भिंतीला टेकते, तिथं कुणी काही ठेवत नाही. तिथं पेटी अशी चपखल बसली की जणू गवंड्यानं तिच्यासाठीच जागा सोडली होती. अडचण एवढीच, दार उघडलं की फळी पेटीच्या तोंडावर यायची. पण दार तर लावायचंच होतं. दार उघडं ठेवून खोलीतली हवा साफ करणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी.

पेटी बसवली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मी उजेडानं जागी झाले. कुणी उठवलं नव्हतं. घाबरून बाजेकडं पाहिलं, तर आत्याबाई आडव्या. उशा खाली पडलेल्या, तोंड उघडं. जवळ जाऊन पाहिलं तर घोरत होत्या. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. आनंदानं म्हणायचं तर म्हणा, पण खरं म्हणजे आता रडायला उसंत मिळाली होती.

मी त्यांना बजावलं, "आत्याबाई, दिवसाही दार लावूनच बसायचं. धूळ आत आलीच नाही पाहिजे." त्यांनी मान डोलावली. मास्तरीण सुनेचं त्या ऐकायच्या. दिवसा पंप क्वचित लागायला लागला. ओठांचा निळा रंग गेला. नवऱ्यानं ड्रमवर येणाऱ्या जाणाऱ्याला माझं यंत्र सांगून सांगून मला लाज आणली.

मग एकदा नळावर शेजारणीनं विचारलं, "म्हातारी गेली का व नांदेडला?"

"न्हाई. घरीच तर हायेत."

"मंग दार काहून लावलेलं असते? मला वाटलं गेली."

मी हसून सोडून दिलं. पण घरी येता येता डोक्यात भुंगा लागला. आमच्याकडं दार वाजवायची पद्धत नाही. उघडं असलं की माणूस 'काय करून राहिल्या?' म्हणत सरळ आत येतं. लावलेलं असलं की तोंडातून आवाज न काढता परत जातं. दिवसाढवळ्या दार लावतात ते घरात कुणी नसलं की, नाहीतर काही अशुभ घडलं की. आणि आत्याबाईंचा जन्म उंबऱ्यावर गेला होता. लेकराचं पोट धरलं की बाया त्यांच्याकडं आणायच्या. कुणी तूर निवडायला सूप घेऊन यायची, कुणी सासूची तक्रार घेऊन. मी शाळेतून येईपर्यंत गावात काय झालं आणि काय होणार, ते सगळं त्यांच्याकडं जमा असायचं. हल्ली मी आले की त्या मलाच विचारायच्या, "काय व, बाहेर काय चाललं?" तो प्रश्न मी रोज ऐकत होते आणि उत्तर देऊन स्वयंपाकाला लागत होते.

मी बायांना सांगून आले, दार नुसतं लोटा, आत या. आल्या बिचाऱ्या. दार लावून बसल्या. पण बंद दाराआड चार बाया बसल्या की रस्त्यावरची पाचवी म्हणते, कोनाचं काढून राहिल्या? साध्या गप्पाही चुगलीसारख्या वाटायला लागल्या. सगळ्या आवाज बारीक करून बोलायला लागल्या, आजाऱ्याला भेटायला आल्यासारख्या. 'बरं हाय ना आता?' झालं की पुढं काय बोलावं ते सुचेना. दोनदा आल्या, तिसऱ्यांदा कुणी आलं नाही.

मी पेटीचं तोंड बाजूला काढता येईल का ते पाहिलं. आलं असतं. पण दार उघडं म्हणजे अख्ख्या गावाची धूळ आत, आणि तेवढी हवा गाळणारं यंत्र मला काय, कुणालाच घरात ठेवता आलं नसतं. एक दिवस दार उघडून ठेवून पाहिलं. संध्याकाळी आत्याबाई पुन्हा उशांना टेकून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

होळीच्या दोन-चार दिवस आधी मी शाळेतून आले. दार लोटून आत गेले तर बाजेवर गाठोडं बांधलेलं. लुगडी, पंप, जपमाळ. शेजारी त्या पाय खाली सोडून बसलेल्या, केस विंचरलेले.

"हे काय आत्याबाई?"

"थोरल्याला फोन लाव. म्हनाव, मी येऊन राहिले."

"अहो, पण आता तर बरं वाटतंय ना तुम्हाला? झोप लागते, खोकला नाही. माझं काही चुकलं का?"

"तुहं काई चुकलं न्हाई माय. तू माह्यासाठी लई तकलीफ घेतली, देव पाहून राहिला. पन हितं दार लावून बसते अन् गल्लीतून समद्याइचे आवाज येतेत, पोरं खेळतेत, बाया जातेत, माह्या दारासमोरून जातेत अन् कोनी आत येत न्हाई. ते मला सोसत न्हाई. बंद दारातच बसायचं तं मंग नांदेडला बसंन. तिथं समद्याइचेच दारं बंद असतेत."

एवढं सगळं त्या एका दमात बोलल्या. मध्ये कुठंही थांबल्या नाहीत, छातीवर हात ठेवला नाही. एवढं लांब बोलणं त्यांनी न अडखळता पुरं केल्याचं मला कित्येक महिन्यांत आठवत नव्हतं. तो श्वास माझ्या पेटीनं दिला होता, आणि त्यांनी तो हे सांगायला वापरला. मला राग आला, कुणाचा ते कळेना. हळदीचा, नवऱ्याच्या ड्रमचा, माझ्याच हुशारीचा. 'नका जाऊ' म्हणावंसं फार वाटलं. पण त्यांना इथं ठेवून मी त्यांना काय देणार होते?

मी पेटीचं बटण बंद केलं आणि दार सताड उघडलं. फळी पेटीवर जाऊन आदळली. बाहेरचा पिवळा उजेड आत आला. आत्याबाई पदर नाकाला लावून उंबऱ्यावर जाऊन बसल्या. पहिली शेजारीण रस्त्यावरूनच ओरडली, "अगं बया, हाय की म्हातारी!" मग दुसरी आली, मग सूप घेऊन तिसरी. आत्याबाई खोकत होत्या, हसत होत्या, पुन्हा खोकत होत्या.

मी आत गेले आणि नांदेडला फोन लावला.