देवळात गेलेला माझा आवाज

सारसोळ्याच्या हिराजीदादानं मला फसवलं. भर देवळात, चार माणसांसमोर, हातात भंडारा घेऊन फसवलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून काहींना त्याची दया येईल. मला नाही येत.

मी नास्तिक. कुणाचं पुस्तक वाचून झालो नाही. सांगोल्याकडून रिकाम्या हातानं आलो, नेरुळ स्टेशनबाहेर गोणपाट टाकून नळ-पाइप विकले, आणि त्यात कुठल्या देवानं हात लावलेला मला तरी दिसला नाही. बायको, सुनीता, मंगळवार करते. तिला कधी अडवलं नाही. ‘तुझा देव तुझ्या कपाटात, माझा धंदा माझ्या तोंडात’ असा आमचा समझोता होता. भूतबाधा, करणी वगैरे विषय निघाला की मी उठून जायचो.

धंदा तोंडावर हे खरंच होतं. ९५-९६ चा काळ, नवे सेक्टर भरत होते, रोज कुणीतरी नवीन फ्लॅटचा ताबा घेत होतं. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की माझं ठरलेलं वाक्य – “तुमचं राहू द्या, माझं राहू द्या, मधलं बोला!” प्लंबर लोक माझी नक्कल करायचे.

हिराजीदादाचं सारसोळे नेरुळला लागूनच; त्याची शेती-मिठागरं नवं शहर वसवताना सरकारनं घेतली. बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यानं गाळे बांधायला काढले. संध्याकाळी बांधकामावर खुर्ची टाकून बसायचा. मी चहा घेऊन जायचो आणि आमचं जुंपायचं.

“नाव मारुती, आनी देव मानीत नाय! जल्ला तुजा तोंड!”

“नाव बापानं ठेवलंय दादा, मी नाही.”

“मंग मना सांग, वर कोन बगनारा नाय, त तू खरा का बोलतंस? कोनाचे भीतीनं?”

“भीती कशाला पाहिजे? उद्या त्याच गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचंय मला.”

तो खो खो हसायचा. माणूस आवडायचा मला, हे कबूल करतो. कोपऱ्यातला गाळा त्यानं मला द्यायचा शब्द दिला, हातावर हात मारला, चावीसुद्धा दिली. मी आत रॅक ठोकले. उघड्यावरून छपराखाली जायचं माझं एवढं एकच स्वप्न होतं.

मग एक दिवस गेलो तर कुलूप बदललेलं. माझे रॅक बाहेर. आत कुणाचं तरी मेडिकल स्टोअर लागत होतं. हिराजीदादाच्या साल्याचं, असं नंतर कळलं.

“मी कवा दिला शब्द? रॅक ठेवाया जागा दिलेली, येवराच,” म्हणाला. तोंड वर करून!

मी काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही. माणसं जमली. गावातल्या चार जाणत्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पोलीस-वकील कशाला? गावची रीत आहे. खंडोबाच्या देवळात तो भंडारा उचलून सांगेल. मात्र एकदा भंडारा उचलला की विषय संपला, पुन्हा कुणी कुठेच काढायचा नाही.

माझ्याकडे दोन प्लंबर साक्षीला होते, ओळखीचा वकीलही होता. तरी मी हो म्हणालो. माझा हिशोब साधा होता – मी देव मानत नाही, पण हा मानतो. गाडी सुरू करण्याआधी हात जोडणारा माणूस. देवळात याची जीभ खोट्याला वळणारच नाही. फुकटात केस जिंकली! सगळ्यांशी घासाघीस करणारा मी, दुसऱ्याच्या श्रद्धेवर मात्र डोळे मिटून विसंबलो.

रविवारी सकाळी देवळात जमलो. त्यानं आंघोळ केलेली, कपाळाला हळद. मूठभर भंडारा उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “मी ह्याला गाल्याचा शब्द दिला नाय. खोटा बोलत असंन त माजी वाचा जावो.”

आणि भंडारा देवावर उधळला. 

बाहेर चपला घालताना त्याला गाठलं. “दादा, देवाला तरी भ्यायचं होतं!”

तो हळूच म्हणाला, “मारुती, आन दोन मानसांचे मदी असतं, दोगांनी मानली त. तू मानतंच नायस. तुज्याफुडं उचललेला भंडारा म्हंजे नुस्ती हलद.”

म्हणजे बघा. जो देव मानत नाही त्याच्याशी खरं बोलायचंही बंधन नाही! मला इतका संताप आला की शिवी घशापर्यंत आली...

आणि तिथेच राहिली. तोंड उघडलं, आवाज नाही. नुसती हवा. हिराजीदादा थांबला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि चालायला लागला.

वाशीच्या डॉक्टरांनी नळी घालून घसा तपासला. काही दोष नाही. मोठ्या हॉस्पिटलातही तेच. “धक्क्यानं होतं असं, टेन्शन घेऊ नका, येईल परत.” मला पटलं. रागानं आवाज गेला, त्यात देवाचा काय संबंध? पाटी-पेन्सिल घेऊन धंद्याला बसलो. पण पाटीवर कोण घासाघीस करणार? गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबायचं आणि पुढच्याकडे जायचं.

एका दुपारी हिराजीदादाची सून घरी आली. दारातच रडायला लागली. “काय केलाव तुमी आमचे बाबांना? देव मानीत नाय बोलता, आनी करनी करता?”

मी बोलायला गेलो. शीळ घातल्यासारखा नुसता वारा निघाला. ती दोन पावलं मागे सरकली.

सुनीतानं तिला बसवून पाणी दिलं आणि विचारलं, झालंय काय? ती म्हणाली, “त्यांचा बोलना त्यांचा नाय राहिला. तुमीच चला, ऐका.”

गेलो. रागानंच गेलो, सुनीता सोबत. पडवीत खाटेवर हिराजीदादा पडला होता, अर्धा झालेला. लख्ख दुपार, बाहेर जाळी वाळत घातलेली, पोरं खेळत होती. सूनबाईनं विचारलं, “बाबा, पानी देऊ?”

त्यानं तोंड उघडलं. “तुमचं राहू द्या, माझं राहू द्या, मधलं बोला!”

नक्कल नव्हती. नक्कल मी रोज ऐकायचो, ती मला कळते. तो माझा आवाज होता. सांगोल्याचा हेल, वाक्याच्या शेवटी चढणारा सूर, सगळं. सुनीता त्याच्याकडे नाही, माझ्याकडे वळली. “अहो... तुम्ही बोललात?”

हिराजीदादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ काहीतरी वेगळंच म्हणू पाहत होते, जुळत नव्हते. त्यानं हात जोडले, आणि त्याच्या तोंडून माझा आवाज ओरडला, “गाळा माझा हाय! शब्द दिलाय मला, शब्द!”

मला देवळाबाहेर शिवीपाठोपाठ बोलायचं होतं ते हेच होतं. त्या दिवसापासून हे मी कुणाला बोलूच शकलो नव्हतो.

ते चार जाणते धावत आले. उपाय एकच म्हणाले – ज्याची तक्रार, त्यानंच भंडारा उचलायचा. बोलता येत नाही तर मान हलवून कबूल करायचं, की माझी काही तक्रार नाही. दोघं सुटाल.

सुनीतानं पाय धरले माझे. “तुमच्यासाठी ती नुसती हळदच आहे ना? मग उचला की! काय जातंय तुमचं?”

मी पाटीवर लिहिलं – ‘तक्रार आहे.’

गाळा त्याचा साला वापरतोय. ज्यांनी मला रीत सांगितली त्यांच्यापैकी एकानंही त्याला कुलूप काढायला लावलं नाही. आणि मी देवळात उभं राहून खोटी मान हलवायची? त्यांच्या देवासमोर त्यांना खोटं चालतं. मला चालत नाही, देव असो वा नसो. पाटी खाटेवर ठेवून मी निघून आलो. मागून माझाच आवाज मला हाका मारत होता.

हिराजीदादा त्याच महिन्यात गेला. शेवटपर्यंत माझ्या आवाजात बोलत होता म्हणतात. मला वाटलं, आता तरी परत येईल. आला नाही. आज इतकी वर्षं झाली, मी मुकाच आहे.

माझे विज्ञानवादी मित्र म्हणतात, तुझा धक्का आणि त्याची अपराधी भावना. ठीक. मग सुनीतानं काय ऐकलं? ते विषय बदलतात. 

पण त्या चार जाणत्यांना माझा सरळ सवाल आहे. तुमच्यातले दोघं अजून हयात आहेत, पेपर वाचता, हेही वाचाल. खोटं तुमचा माणूस बोलला. ‘माजी वाचा जावो’ तो म्हणाला. त्याची गेली, बरोबर झालं. पण तिच्या जागी माझी कुणी काढून दिली? आणि त्याच्याबरोबर ती कुठे घालवलीत? देवाला विचारून सांगा, नाहीतर स्वतः सांगा. पण यावेळी मला हळद दाखवू नका. उत्तर द्या.