पाचवा हात

व्हर्लीन टब्जबाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, ती इंडियानातल्या बर्फात. त्यामुळे 'बर्फ पडतंय, आज घरीच थांबलेलं बरं' असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची.

शहराच्या मानवी संबंध आयोगावर त्या आल्या त्या भांडूनच. एका सभेत मागच्या रांगेतून इतक्या ओरडल्या, की महापौर म्हणाले, "बाई, बाहेरून दगड मारण्यापेक्षा आत येऊन बसा ना." बाई आत येऊन बसल्या आणि दगडही मारत राहिल्या. पगार नाही, भत्ता नाही. घर नाकारलं, नोकरीवरून हाकललं, पोरांना शाळेत चिडवलं, अशा सगळ्या तक्रारी घेऊन गावातली माणसं इथे येणार. आणि नऊ खुर्च्यांतल्या दोन कायम रिकाम्या. मला विचाराल तर माणसं जोडायचं काम भाषणांनी होत नाही. खुर्चीत वेळेवर बूड टेकवणारी माणसं लागतात.

त्या गुरुवारी नेमकं तेच अडलं. टियाल सुंग नावाच्या चिन बाईंची तक्रार सुनावणीला होती. चिन लोक म्यानमारच्या डोंगरांतून आलेले. गावातल्या कोंबडीच्या कारखान्यात निम्मे कामगार तेच. टियाल सुंग, नवरा, दोन मुली आणि सासू असं कुटुंब सहा वर्षं एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतं. भाडं एकदाही चुकलं नव्हतं. तरी नोटीस आली: 'स्वयंपाकाचा उग्र वास, करार वाढवणार नाही.' मुदत शनिवारी संपत होती.

आयोगाने हुकूम काढला तर घर वाचणार. पण हुकमाला पाच मतं हवीत, फोनवरचं मत चालत नाही, आणि साडेसहापर्यंत पाच जण हजर नसले तर प्रकरण पुढच्या महिन्यावर. सातांपैकी एक सदस्य फ्लोरिडात, एक इस्पितळात. उरले बरोबर पाच.

चार वाजता अध्यक्षा लोइसबाईंचा फोन आला. "व्हर्लीन, ह्या बर्फात कोण येतंय? रद्द करते."

"रद्द? शनिवारी त्या म्हातारीला रस्त्यावर बसवायला तुम्ही याल का? बूट घाला. मी येतेय."

चर्चची मोठी व्हॅन काढून बाई निघाल्या. लोइसबाईंना उचललं. केस कापणाऱ्या ग्रासिएलाला दुकानातून अर्ध्या गिऱ्हाइकावरून उठवलं. पास्टर ग्रीर हातात फावडं घेऊन दारातच उभे होते. शेवटी गावाबाहेरून ऑर्व्हिल स्टुट्झमन. हार्डवेअरचं दुकान नुकतंच विकलेला, तोंडाने कमी बोलणारा. स्वतःची दोन घरं भाड्याने दिलेली, म्हणून हे मत डळमळीत. बाईंनी त्याला मुद्दाम पुढे, आपल्या शेजारी बसवलं.

आणि तिथेच त्यांची गोची झाली. पंधरा मैलांचा रस्ता, ज्याला पटवायचं तो माणूस शेजारी, आणि बोलायचं नाही! कारण कायदा असा, की निम्म्याहून जास्त सदस्य परस्पर जमून प्रकरणावर एक शब्द जरी बोलले, तरी ती चोरून घेतलेली सभा. निकाल रद्द.

ग्रासिएलाने मागून सुरुवात केलीच. "मी म्हणते, ती मासळीची चटणी..."

"गप्प!" बाई एवढ्या ओरडल्या की व्हॅन जराशी घसरली. "पाच जण आहोत आपण. मासळी नाही, वास नाही, घर नाही. दुसरं काहीतरी बोला!"

"काय बोलू?"

"काहीही. बटाट्याचं सॅलड!"

हे सॅलड तिकडे घरोघरी वेगळं, आणि जो तो आपलंच खरं मानणारा. मग ऑर्व्हिल हळूच म्हणाला, "आमच्याकडे त्यात साखर घालतात."

"साखर?" पास्टर सीटवरून अर्धे उठले. "देवा, माफ कर ह्या माणसाला!"

"थोडीशीच."

"थोडंसं पाप म्हणजे पापच, भाऊ!"

"मी मनुका घालते," लोइसबाई म्हणाल्या, आणि मग व्हॅनमध्ये जे पेटलं, ते विचारू नका. ग्रासिएला म्हणे मिरची नसेल तर ते आजाऱ्याचं जेवण. पास्टर म्हणे माझी आई हे ऐकून थडग्यात कूस बदलेल. त्या गदारोळात फाटकावर मालगाडी अडकलेली दिसली, तशी बाईंनी व्हॅन वळवली आणि जुन्या बसच्या वाटेने, धान्याच्या कोठारामागच्या पुलाखालून काढली. सहा वाजून सव्वीस मिनिटांनी पाचही जण सभागृहात!

टियाल सुंग पहिल्या रांगेत बसली होती. "पी!" म्हणत ती व्हर्लीनबाईंकडे बघून उठली. त्यांच्यात आजीला पी म्हणतात.

"बस, पोरी. अजून काही झालेलं नाही."

झालं नव्हतंच. घरमालकाचा वकील उठला. "हे पाचही जण एका गाडीतून उतरले, मी खिडकीतून पाहिलंय. ही बेकायदा सभा झाली. गाडीत काय बोललात?"

"बटाट्याचं सॅलड," लोइसबाई म्हणाल्या.

"अख्ख्या वाटेत पाच माणसं सॅलडवर बोलली?"

"बोललो नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "भांडलो."

पास्टर उभे राहिले. "वकीलसाहेब, नोंद करा. माझी खुर्ची ह्यांच्यापासून लांब हलवा. हे त्यात साखर घालतात."

सभागृहात हशा पिकला. कारकून बाई हसता हसता लिहीत होती. वकील लाल होऊन खाली बसला.

सुनावणी झाली. इमारतीच्या मॅनेजरने सांगितलं, वासाच्या तक्रारी होत्या, नाइलाज होता. व्हर्लीनबाईंची नजर ऑर्व्हिलवर. तो टेबलाकडे बघत बसलेला. चार मतं खिशात होती, पण चाराला किंमत शून्य. बाईंच्या जिभेवर शंभर वाक्यं तयार होती. ढोसलं तर तो उलटा फिरेल, म्हणून त्यांनी ती दाताखाली धरली.

ऑर्व्हिलने चष्मा काढला. "एक विचारू? शुक्रवारी तुमच्या इमारतीत मासे तळतात?"

मॅनेजर हसला. "शुक्रवारचे मासे ही तर इथल्या जुन्या लोकांची रीतच, कोण तळत नाही? जिन्यापर्यंत वास असतो."

"मग त्याची नोटीस कुणाकुणाला गेली?"

मॅनेजरचं हसू विरलं. "कुणाला नाही."

"आणि ह्या वर्षी वासाच्या नोटिसा किती काढल्यात?"

"तीन."

"तिन्ही कुणाला?"

मॅनेजरने वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत राहिला. "तिन्ही... ह्यांच्याच लोकांना."

"माझीही घरं भाड्याने आहेत," ऑर्व्हिल म्हणाला. "भाडेकरूला काढायचा हक्क मलाही प्यारा आहे. पण हा तो हक्क नव्हे."

लोइसबाईंनी मत मागितलं. चार हात वर गेले, आणि मग तो जाडजूड, रंगाचे डाग पडलेला पाचवा! व्हर्लीनबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की माइक पडला.

चौकशी संपेपर्यंत कुटुंबाला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. तो वाचून व्हायच्या आत वकील मालकाशी फोनवर बोलून आला. तडजोड करू, एक वर्षाचा करार देऊ.

"दोन," व्हर्लीनबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही आयोगाच्या आहात, त्यांच्या वकील नाही."

"दोन," टियाल सुंग स्वतः म्हणाली. एवढ्या वेळात तिचा आवाज पहिल्यांदाच खणखणीत निघाला. "आणि स्वयंपाकघरातला पंखा सहा वर्षं बंद आहे. तो चालू करा."

वकील पुन्हा फोन घेऊन बाहेर गेला. आत आला तेव्हा मान हलवत होता, पण होकारार्थी.

टियाल सुंगने तिथेच सासूला फोन लावला. पलीकडे खोकी भरणं चाललं होतं, चिकटपट्टीचा चर्र आवाज इथवर येत होता. ती आपल्या भाषेत काहीतरी ओरडली. आवाज थांबला. मग फोनमधून म्हातारीचं असं हसणं आलं, की सगळं सभागृह माना उंचावून बघू लागलं.